पिकअपचं मागचं लाँग-ट्रॅव्हल सस्पेन्शन: पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

मागच्या सस्पेन्शनचं काम हातात घेतलं की बहुतेक जण गाडी जशी उभी आहे तशीच धरून मापं घेतात. माझ्या पहिल्या गाडीला मीही तेच केलं. गाडी घोड्यांवर सपाट उभी, लिंका (ॲक्सलला चासीशी जोडणाऱ्या दांड्या) जमिनीला समांतर, शॉक ॲब्झॉर्बर हवे तसे तिरके, आणि सगळे ब्रॅकेट पक्के वेल्ड. मग पहिल्यांदा जॅकने ॲक्सल वर ढकलला, तर साडेतीन इंच चाल बाकी असतानाच वरच्या लिंकचा ब्रॅकेट चासीच्या आडव्या बारला जाऊन टेकला. दोन आठवड्यांचं काम ग्राइंडरने कापून काढावं लागलं. तेव्हापासून मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. ॲक्सल सगळ्यात वर जिथे जाणार, तिथे तो आधी नेऊन ठेवायचा आणि बाकीचं सगळं त्याच्याभोवती बसवायचं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत.

काही शब्द आधी पक्के करू. चाक खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सरळ उभं जितकं हलतं ती त्याची चाल, म्हणजेच ट्रॅव्हल. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असते ती राइड हाइट. तिथून चाक वर जाणं म्हणजे बंप, खाली लोंबणं म्हणजे ड्रूप. कारखान्यातून आलेल्या साध्या पिकअपला मागे साधारण 200 ते 250 मिमी चाल मिळते. बाहा 1000 सारख्या वाळवंटी शर्यतींतल्या ट्रॉफी ट्रकना मागे 750 मिमीच्याही वर असते. पहिल्या कामासाठी 400 ते 500 मिमीचं लक्ष्य धरा. त्याच्या पुढे गेलात की हौदा जवळजवळ सगळा कापावा लागतो, प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला जोर पोचवणाऱ्या दांड्याचे, कोन हाताबाहेर जातात आणि गाडीचा रोजचा उपयोग संपतो.

पाटे की लिंका

हा निर्णय वेल्डिंग मशीन चालू करण्याआधी घ्यायचा, आणि खरंच वेळ काढून घ्यायचा.

पाट्यांना, म्हणजे लीफ स्प्रिंगना, लोक उगाच कमी लेखतात. लांब, पातळ, जास्त पानांचा पाटा, त्याला योग्य लांबीचं शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा) आणि हौद्यात उभ्या केलेल्या पाइपच्या चौकटीवर बसवलेले लांब शॉक, एवढ्या सामग्रीवर 350 ते 400 मिमी चाल नीट मिळते. अमेरिकेतल्या वाळवंटी गाड्यांवर शेवरोले पिकअपचे 63 इंची पाटे दुसऱ्या गाड्यांना लावण्याची पद्धत याच कारणाने रुळली. पाटा जितका लांब, तितकीच चाल देताना तो कमी वाकतो, आणि म्हणून जास्त टिकतो. ॲक्सलला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे धरून ठेवायचं कामही तोच करतो, त्यामुळे भूमितीत चूक करायला जागा कमी उरते.

पाट्याची दोन दुखणी मात्र ओळखून ठेवा. पाटा सरळ होत जातो तसा तो लांबतो, आणि ती लांबी शॅकलने गिळायची असते. शॅकल राइड हाइटलाच सपाट पडलेलं असेल, तर बंपमध्ये ते चासीला टेकतं आणि पाटा तिथेच अडतो. दुसरं दुखणं जोराच्या ॲक्सिलरेशनचं. ॲक्सलचं हाउसिंग (बाहेरचं आवरण) चाकांच्या उलट दिशेने पिळलं जातं, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, आणि मग सुटतो. मागून जो थडथडाट येतो तो याचा. त्यासाठी ॲक्सलपासून चासीपर्यंत एक ट्रॅक्शन बार लागतो, आणि त्याचं चासीकडचं टोक छोट्या शॅकलवर असावं लागतं, म्हणजे तो चालीच्या आड येत नाही.

गाडीने सामान वाहायचं असेल, वेल्डिंगवर हात अजून बसला नसेल, किंवा गाडी रोज रस्त्यावर लागणार असेल, तर पाट्यांवरच राहा. हे मी मनापासून सांगतो. लिंकांचं सस्पेन्शन चांगलं बांधलं तर पाट्यांपेक्षा कितीतरी सरस, पण वाईट बांधलेल्या लिंका वाईट पाट्यांपेक्षा कितीतरी धोकादायक असतात. पाट्याचं एक पान तुटलं तर बहुतेक वेळा घरापर्यंत येता येतं. खालची लिंक ॲक्सलपासून सुटली तर मागचं चाक गाडीला वळवतं आणि स्टिअरिंग तुमचं ऐकत नाही.

पुढचा भाग लिंकांचा निर्णय घेतलेल्यांसाठी. त्यातही चार लिंका, आणि वरच्या दोन ॲक्सलच्या मध्याकडे एकवटणाऱ्या. तीन लिंका आणि एक आडवा पॅनहार्ड बार (एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला) ही रचना कमी चालीला ठीक. पण पॅनहार्ड बार कमानीत फिरतो आणि ॲक्सलला बाजूला ओढतो. 500 मिमी चालीत हे सरकणं इतकं वाढतं की एका बाजूचं टायर चासीकडे येतं.

तोडफोडीआधी

गाडी वजनकाट्यावर न्या. फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, टाकी भरलेली आणि नेहमीचं सामान आत ठेवून. नंतर ॲक्सल सुटा झाला की तो चाकं आणि ब्रेकसह वेगळा तोला. पहिल्यातून दुसरं वजा करून दोनाने भागलं की एका कोपऱ्यावर स्प्रिंगने उचलायचं वजन मिळतं. समजा मागचं एकूण 1,060 किलो भरलं आणि ॲक्सल 260 किलो, तर प्रत्येक बाजूला 400 किलो. हा आकडा पुढे लागणार आहे. अंदाजाने स्प्रिंग घेणारे दोनदा स्प्रिंग घेतात.

तुम्ही जिथे गाडी चालवता तिथे चासी आणि सस्पेन्शनमध्ये असे बदल करून रस्त्यावर येण्याची परवानगी आहे का, तेही आताच विचारून घ्या. काम झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

मग सपाट फरशी शोधा. चासी घोड्यांवर पाणसळीत बसवा, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही. राइड हाइटला चासी जमिनीपासून जितकी उंच राहणार आहे, नेमक्या त्या उंचीवर. दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडून चासीची मध्यरेषा आणि जुन्या ॲक्सलची रेषा फरशीवर खडूने आखा आणि त्यावर पारदर्शक टेप लावा, म्हणजे पुसली जाणार नाही. पुढचे काही आठवडे सगळी मापं या दोन रेषांवरून घ्यायची आहेत. बॅटरी सोडवा. इंधनाची टाकी आणि नळ्या उतरवून लांब ठेवा, कारण बहुतेक पिकअपमध्ये टाकी नेमकी वेल्डिंगच्या जागेजवळच असते.

ॲक्सल वर न्या

जुने पाटे, शॉक, सगळं काढा. ॲक्सलला ज्या मापाची चाकं शेवटी लागणार आहेत तीच चढवा. दोन जॅक घ्या, प्रत्येक बाजूला एक, आणि ॲक्सल हळूहळू वर घ्या. हाउसिंग चासीला टेकायला लागलं की थांबा. आता ठरवा: चासीला वरच्या बाजूने कमान द्यायची, की चाल तिथेच संपवायची? 400 मिमीच्या पुढे गेलात तर चासी कापून तिला उंच कमान देणं जवळजवळ अटळ असतं. कापण्याआधी चासीच्या दोन्ही बाजूंना तात्पुरता जाड अँगल वेल्ड करून ठेवा, नाहीतर कापल्यावर मागचा भाग वाकतो आणि परत जागेवर येत नाही.

या वरच्या टोकाला तीन गोष्टी तपासा. टायर हौद्याच्या आतल्या भिंतीला आणि कमानीला कुठे घासतो, पिनियनचं नाक (ॲक्सलचा पुढे आलेला, प्रॉपेलर शाफ्ट जोडतात तो भाग) कशाला टेकतं, आणि डिफरेन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या) वर किमान 25 मिमी मोकळी जागा आहे का. आता एक बाजू वरच ठेवून दुसरी पूर्ण खाली सोडा. चाक आतल्या बाजूला कलतं आणि सरळ बंपमध्ये न लागणारा टायर आता लागतो. ही तपासणी नवखे हमखास गाळतात.

दोन्ही टोकं ठरली की चाल वाटून घ्या. वेगाने खडबडीत रस्ता तुडवायचा असेल तर बंपला जास्त हिस्सा द्या: 500 मिमीमध्ये 300 बंप, 200 ड्रूप. हळू चालत मोठे दगड चढायचे असतील तर ड्रूपचा हिस्सा वाढवता येतो. मी 60-40 धरतो, कारण गाडी मोडते ती बंपमध्ये.

लिंकांची भूमिती

इथे घाई नको. लाकडी पट्ट्या, खिळे आणि एक मोठा प्लायवूड घेऊन बाजूने दिसणारा आराखडा खऱ्या मापात मांडा. संगणकावर केलंत तरी चालेल, पण प्लायवूडवर हाताने ॲक्सल वरखाली केला की जे उमगतं ते आकड्यांतून उमगत नाही.

खालच्या लिंका जितक्या लांब तितकं बरं. कारण साधं आहे. लिंक कमानीत फिरते, आणि ॲक्सल वर किंवा खाली गेला की तो पुढे ओढला जातो. 1,200 मिमीची सपाट लिंक 250 मिमी हलली तर ॲक्सल सुमारे 26 मिमी पुढे येतो. 900 मिमीची असेल तर 35 मिमी. वरची लिंक खालचीपेक्षा आखूड, साधारण पाऊण लांबीची, ठेवायची पद्धत आहे. मग वरचं टोक 35 मिमी पुढे येतं आणि खालचं 26. ॲक्सलवर दोन लिंकांमध्ये 240 मिमी उभं अंतर असेल, तर या 9 मिमीच्या फरकाने पिनियनचं नाक सुमारे 2 अंश खाली झुकतं. तेवढं चालतं. पाच-सहा अंश झालं तर लिंकांच्या लांबीचा परत विचार करा.

ॲक्सलवरचं हे उभं अंतर टायरच्या उंचीच्या पाव भागाएवढं तरी ठेवा. 35 इंची टायरला ते सुमारे 220 मिमी होतं. कमी ठेवलंत तर हाउसिंगचा पीळ अडवताना लिंकांवर आणि ब्रॅकेटांवर भलताच जोर येतो.

आता अँटी-स्क्वॉट. शब्द जड वाटतो, पण गोष्ट सरळ आहे. ॲक्सिलरेटर दाबला की वजन मागे सरकतं आणि गाडी मागे बसते. लिंकांचा उतार योग्य असेल तर चाकांचा जोर गाडीला मागून उचलून धरतो आणि हे बसणं कमी होतं. मोजायचं असं. बाजूने पाहताना दोन्ही लिंकांच्या रेषा पुढे वाढवा. त्या जिथे मिळतील तो बिंदू घ्या. मागचा टायर जमिनीला टेकतो तिथून या बिंदूतून रेषा काढा आणि ती पुढच्या चाकाच्या उभ्या रेषेवर किती उंचीला पोचते ते पाहा. त्या उंचीला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा.

उदाहरण करूनच पाहू. व्हीलबेस 3,200 मिमी, गुरुत्वमध्य 800 मिमी उंच. खालची लिंक ॲक्सलवर 380 मिमी उंचीला, आणि 1,200 मिमी पुढे चासीवर 440 ला. वरची लिंक ॲक्सलवर 620 ला, आणि 900 मिमी पुढे चासीवर 575 ला. रेषा मिळतात 2,400 मिमी पुढे, 500 मिमी उंचीवर. टायरपासूनची रेषा पुढच्या चाकाशी 667 मिमीवर पोचते. 667 भागिले 800, म्हणजे 83 टक्के. आता वरच्या लिंकचं चासीकडचं टोक फक्त 25 मिमी वर घ्या: 66 टक्के. 25 मिमी खाली घ्या: 101 टक्के. एक इंचाने एवढा फरक पडतो! म्हणून चासीकडच्या वरच्या ब्रॅकेटला एकाखाली एक तीन भोकं पाडून ठेवा. 60 ते 90 टक्क्यांमध्ये सुरुवात करा. फार जास्त झालं तर चढावर जोर देताना मागची चाकं उड्या मारतात. फार कमी झालं तर गाडी मागे इतकी बसते की खड्डा यायच्या आधीच निम्मा बंप वापरून झालेला असतो.

खालच्या लिंकचा पुढे चढणारा उतार थोडाच ठेवा. थोड्या उतारामुळे खड्डा लागला की चाक वर जाताना किंचित मागे सरकतं आणि धक्का मवाळ होतो, हे चांगलं. पण वळणात बाहेरचं चाक मागे आणि आतलं पुढे जातं, म्हणजे मागचा ॲक्सल स्वतःच थोडा वळतो आणि गाडीचं शेपूट बाहेर जायला बघतं. वरच्या उदाहरणात 1,200 मिमीला 60 मिमी चढ आहे. वेगाने जाणाऱ्या गाडीला मी यापेक्षा फार जास्त देत नाही.

वरून पाहताना दोन्ही वरच्या लिंकांमधला कोन आणि दोन्ही खालच्या लिंकांमधला कोन यांची बेरीज किमान 40 अंश असावी. त्याखाली ॲक्सल डावी-उजवीकडे डोलतो. कोन मिळवायला वरच्या लिंका चासीवर रुंद आणि डिफरेन्शियलच्या वर जवळ-जवळ बसवतात.

शॉक कुठे, स्प्रिंग किती

शॉक थेट ॲक्सलवर बसवला तर चाकाच्या चालीएवढीच शॉकची चाल लागते, आणि 500 मिमी चालीचा शॉक हौद्यातून कॅबच्या काचेपर्यंत उंच जातो. म्हणून तो खालच्या आर्मवर, म्हणजे खालच्या लिंकवर, पुढे आणतात. चासीच्या सांध्यापासून आर्मच्या 70 टक्के लांबीवर शॉक बसवला तर 14 इंच, म्हणजे 356 मिमी चालीचा शॉक चाकाला सुमारे 500 मिमी देतो. या 0.7 ला मोशन रेशो म्हणतात. जोराचा हिशोब मात्र उलटा चालतो. चाकावर 400 किलो असतील तर शॉकवर सुमारे 570 किलो, तेही गाडी नुसती उभी असताना. हे वजन आर्मच्या मध्यावर पडतं आणि त्याला वाकवतं. साधा गोल पाइप इथे चालत नाही. प्लेटचा पेटीसारखा, मध्ये उंच आणि टोकांना निमुळता ट्रेलिंग आर्म लागतो, आणि आत आडव्या पट्ट्या. लिंक गोल पाइपचीच ठेवायची असेल तर शॉक ॲक्सलवरच न्या आणि कमी चालीत समाधान माना.

स्प्रिंगचा हिशोब. राइड हाइटला 200 मिमी ड्रूप म्हणजे शॉक 140 मिमी दबलेला. त्यात 35 मिमी प्रीलोड (शॉक पूर्ण लांब असतानाही स्प्रिंग जितकी दबलेली असते ते) धरला तर स्प्रिंग 175 मिमी दबलेली. तिच्यावरचा जोर 400 गुणिले 9.81 भागिले 0.7, म्हणजे सुमारे 5,600 न्यूटन. भागाकार केला की 32 न्यूटन प्रति मिमी. चाकाशी जाणवणारा कडकपणा मोशन रेशोच्या वर्गाने कमी होतो, 32 गुणिले 0.49, म्हणजे सुमारे 15.7. यावर गाडी सेकंदाला साधारण एक हेलकावा घेते. ऑफ-रोड गाडीला हे मऊ आणि बरोबर आहे.

एवढी लांब चाल एका स्प्रिंगमध्ये बसत नाही, म्हणून कॉइलओव्हरवर (शॉकभोवती स्प्रिंग बसवलेल्या जोडावर) दोन स्प्रिंग एकावर एक असतात. दोन्ही मिळून कडकपणा कमी होतो: गुणाकार भागिले बेरीज. 50 आणि 90 घेतल्या तर 4,500 भागिले 140, जवळजवळ 32. मधला स्लायडर वरच्या रिंगला टेकला की वरची स्प्रिंग बाद होते आणि खालची 90 ची एकटी काम करते. म्हणजे बंपच्या शेवटी गाडी आपोआप कडक होते. कधी टेकायचं ते रिंग फिरवून ठरवता येतं.

शॉक जितका आडवा कलेल तितकं त्याचं बळ घटतं. उभ्या रेषेपासून 30 अंश कलला तर स्प्रिंगचा परिणाम पाऊणपटच उरतो. शक्य तेवढा उभा ठेवा, आणि बंपमध्ये तो आणखी आडवा होत नाही ना ते पाहा.

शक्य असेल तर स्प्रिंगसाठी कॉइलओव्हर आणि डॅम्पिंगसाठी, म्हणजे हेलकावे आवरायला, वेगळा बायपास शॉक, असे प्रत्येक बाजूला दोन घ्या. बायपासला बाहेरून नळ्या असतात आणि प्रत्येक नळीचा स्क्रू चालीच्या ठरावीक भागातलं डॅम्पिंग बदलतो. पण पहिल्या गाडीला एकटा चांगला कॉइलओव्हरही पुरतो. शॉकमधला वायू नायट्रोजनच हवा, साधारण 150 ते 200 पीएसआय. हवा भरू नका, तिच्यात ओल असते.

पाइप, सांधे, वेल्डिंग

शॉक नसलेल्या खालच्या लिंकला 2 इंच व्यासाचा, दोन सूत जाडीचा ओढीव पाइप. तिला दगड लागतात म्हणून एवढी जाडी. वरच्या लिंकला पावणेदोन इंच आणि सुमारे 5 मिमी पुरे. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) हलकं आणि मजबूत, पण ते टिग वेल्डिंग मागतं आणि हात बसलेला मागतं. नवख्याने साधा ओढीव पाइप आणि मिग वापरावं. वेल्ड केलेला सांधा पाण्याने कधीही थंड करू नका.

टोकांना हाइम जॉइंट (आत गोळा असलेले, सगळ्या दिशांना फिरणारे सांधे) लावा, एका टोकाला उजवा आटा, दुसऱ्याला डावा, म्हणजे लिंक न काढता लांबी बदलता येते. आटा व्यासाच्या दीडपट तरी आत हवा. चासीकडच्या टोकांना रबर किंवा तशाच मऊ बूशचे फिरणारे सांधे लावले तर आवाज आणि धूळ दोन्ही कमी होतात. मात्र लिंकचं एक तरी टोक सगळ्या दिशांना फिरणारं हवंच. दोन्हीकडे साधे बूश असतील तर गाडी तिरकी झाली की ब्रॅकेट फाटतात.

प्रत्येक बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला असावा. एका बाजूला लटकणारा बोल्ट वाकतो, मग तुटतो. ग्रेड 10.9 किंवा 12.9 घ्या, आणि ब्रॅकेटच्या भोकात आट्याचा नाही तर बोल्टचा गुळगुळीत भाग येईल एवढी लांबी निवडा.

ॲक्सलच्या हाउसिंगवर ब्रॅकेट आणि वरचा ट्रस (हाउसिंगला बळ देणारी चौकट) वेल्ड करताना ते केळ्यासारखं वाकतं, आणि मग आतले शाफ्ट बेअरिंग खातात. एका वेळी एक-दीड इंच वेल्ड, मग दुसऱ्या टोकाला, मग विरुद्ध बाजूला. हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. पूर्ण दिवस गेला तरी जाऊ द्या. आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर आर्क लावू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइपही आधी घासून काढा.

आत्तापर्यंत सगळं फक्त टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारलेलं असलं पाहिजे. पक्कं वेल्डिंग पुढच्या टप्प्यानंतर.

वरखाली करून पाहा

स्प्रिंगा काढून ठेवा, शॉक आणि लिंका लावा, आणि ॲक्सल पूर्ण ड्रूपपासून पूर्ण बंपपर्यंत 50-50 मिमीने उचला. प्रत्येक थांब्यावर वहीत लिहा: शॉकची लांबी, पिनियनचा कोन, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, टायरपासून सगळ्यात जवळची वस्तू. मग एक बाजू वर, एक खाली. मग उलट. हाइम जॉइंट कुठे अडतो का, ते प्रत्येक वेळी हाताने हलवून पाहा.

शाफ्ट कुठे सगळ्यात लांब होतो ते वहीच सांगेल, ते नेहमी पूर्ण ड्रूपलाच असतं असं नाही. त्या जागी स्प्लाइन (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा खाचांचा भाग) तिच्या व्यासाएवढी तरी आत गुंतलेली हवी, आणि सगळ्यात आखूड होतो तिथे अजून 25 मिमी मोकळे. पूर्ण ड्रूपला शाफ्ट हाताने फिरवा. जॉइंटचा क्रॉस यॉकला (त्याला धरणाऱ्या दुबेळक्याला) घासत असेल तर ड्रूप कमी करा किंवा जास्त कोनाचा जॉइंट घ्या. एकेरी क्रॉस असतील तर दोन्ही टोकांचे कोन सारखे, डबल कार्डन (दोन क्रॉस एकत्र असलेला जॉइंट) असेल तर पिनियन थेट त्याच्याकडे रोखलेला.

ब्रेकची नळी या वेळीच तपासा. पूर्ण ड्रूप आणि तिरक्या अवस्थेतही ती सैल हवी आणि टायरपासून लांब. हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर, ॲक्सलच्या ब्रीदरची नळी, सगळ्यांचं तसंच. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच झाली की त्याला हौदा रिकामा आहे असं वाटतं आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. त्याचा दांडा नव्या राइड हाइटला जुळवून घ्या.

शॉकने कुठल्याही टोकाला चाल थांबवायची नाही. खाली ते काम लिमिट स्ट्रॅपचं (चाल रोखणाऱ्या शिवलेल्या पट्ट्याचं), वर बंप स्टॉपचं (धक्का झेलणाऱ्या अडथळ्याचं). स्ट्रॅप ताणाखाली लांबीच्या सुमारे दहा टक्के ताणतो, म्हणून पूर्ण ताणल्यावरही शॉकमध्ये 12 मिमी तरी चाल शिल्लक राहील अशी त्याची लांबी धरा. वर हायड्रॉलिक बंप स्टॉप शेवटच्या 75 ते 100 मिमीमध्ये टेकायला लागावा, आणि त्याची दांडी ॲक्सलवरच्या पॅडवर सरळ पडावी. तिरकी पडली तर दांडी वाकते. त्याचा मार बसतो तिथे चासीला आतून प्लेट द्या.

हे सगळं जुळलं की लिंका आणि शॉक काढा, सांधे उघडे करा, आणि आता पक्कं वेल्ड करा.

पहिल्या फेऱ्या

प्रत्येक बोल्टवर आणि लॉकनटवर रंगाची आडवी रेघ मारा, म्हणजे सैल झाला की नजरेला दिसतो. शॉकच्या दांडीवर एक झिप-टाय बांधा. तो किती सरकला ते पाहून किती चाल वापरली हे कळतं. आधी मोकळ्या सपाट जागेत ब्रेक तपासा, मग 30-40 च्या वेगाने खडबडीत जमिनीवर. 50 किलोमीटरनंतर सगळं परत आवळा.

ट्यूनिंग करताना एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. मोठ्या उंचवट्यानंतर मागचा भाग वर फेकला जात असेल तर रिबाउंड (चाक परत खाली येताना शॉक करतो तो विरोध) वाढवा. ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर गाडी दर वेळी थोडी अधिकच खाली बसत जात असेल तर रिबाउंड जास्त झालाय, चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही. बंप स्टॉप सारखा जोरात लागत असेल तर आधी शेवटच्या भागातला कॉम्प्रेशन (चाक वर जाताना शॉक करतो तो विरोध) वाढवा, स्प्रिंग बदलणं सगळ्यात शेवटी.

200 किलोमीटरला गाडी परत घोड्यांवर घ्या. स्ट्रॅपच्या शिवणी पाहा, हाइम जॉइंटमध्ये खेळ आलाय का पाहा, आणि प्रत्येक ब्रॅकेटच्या वेल्डच्या कडेने बोट फिरवा. रंगात केसासारखी रेघ लागली तर ती बहुतेक चीर असते. तिच्यावरून नवं वेल्ड ओढू नका. ती पूर्ण घासून काढा, ब्रॅकेट कुठल्या जोराने वाकतोय ते शोधा, मगच भरा.